नुसता पाला आहे

फेलिस्ताच्या घरी पाला कधी उन्हात वाळत नसे. इगांडू गावातल्या बायका सूर्यफुलाच्या बिया, ज्वारी, रताळ्याच्या चकत्या असं सगळं अंगणात भर उन्हात पसरत. फेलिस्ताकडे मात्र शेवग्याचा पाला मागच्या भिंतीलगत, सावलीत, जुन्या चटयांवर पडलेला असे, आणि दिवसातून चार वेळा ती खाली बसून तो हाताने हलवी. उन्हात घातला तर काम एका दुपारी उरकतं हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण उन्हात पाल्याचा हिरवेपणा जातो, आणि तो गेला की अंड्यातला पिवळेपणाही जातो, हे तिने स्वतः पाहून ठरवलं होतं. स्वतः पाहिलेल्या गोष्टीवर तिचा फार विश्वास असे.

तेरा वर्षांपूर्वी गावातल्या बायकांनी सिंगिदा शहरातून तांबड्या कोंबड्या आणल्या. गावठी कोंबडी महिन्यात दहा-बारा अंडी देई, ह्या वीस-पंचवीस देत. पण मक्याचा कोंडा आणि सूर्यफुलाची पेंड खाऊन त्यांच्या अंड्यातला बलक ताकासारखा पांढरट निघे. बसथांब्यावर उकडलेली अंडी विकायला बसणाऱ्या बायकांना उतारू टोमणे मारत. एकदा एका ड्रायव्हरने अर्धं अंडं परत करून, कोंबडी आजारी होती की तुम्ही, असं विचारलं होतं. फेलिस्ता तेव्हा तिथेच टोपली घेऊन बसली होती. बाळंतिणीला दूध कमी आलं की तिची आजी शेवग्याचा पाला देई, हे तिला त्या क्षणी आठवलं. आईला चालतं ते कोंबडीला का चालू नये, एवढाच तिचा विचार.

मग दोन वर्षं ती प्रयोग करत राहिली. शेवगा मुख्य. त्यात कडुनिंब अगदी थोडा, कारण जास्त झाला की कोंबड्या खाणंच सोडतात. जंतांसाठी पपईच्या वाळलेल्या बिया. थंडीच्या महिन्यांत लसूण आणि लाल मिरची. कोरड्या दिवसांत पिण्याच्या पाण्यात कोरफडीचा एक तुकडा. सात कोंबड्यांना एक मूठ, पेंडीत कालवून, सकाळीच. कोंबड्यांची पिसं चकाकू लागली, अंड्याचं कवच टणक झालं, आणि बलक असा झाला की बसमधले लोक खिडकीतून हात काढून, इगांडूची अंडी आहेत का, असं विचारू लागले.

बायका भुकटी मागायला आल्या तेव्हा फेलिस्ताने ती आजीच्या रीतीने दिली. त्या भागात औषध देण्याची एक रीत आहे. देणाऱ्याने औषध हातात ठेवताना म्हणायचं, "नुसता पाला आहे. काही करत नाही." घेणाऱ्याने एक शब्द बोलायचा नाही, आभार तर मुळीच मानायचे नाहीत. पाठ फिरवून चालू लागायचं. आजी म्हणे, औषधाला कान असतात, त्याच्या देखत त्याचं कौतुक केलं की ते ऐदी होतं. फेलिस्ताला हे खरं वाटे की नाही कोण जाणे, पण हे शब्द म्हटल्याशिवाय तिची मूठ उघडत नसे. अकरा वर्षांत तिने ते किती वेळा म्हटले असतील त्याला गणती नाही. गावातली पोरं खेळताना एकमेकांच्या हातावर माती ठेवून तेच म्हणत.

गावात दुसरं एक माणूस कोंबड्यांचं बघत असे. किडांका नावाचे म्हातारे गृहस्थ, वर्षातून तीनदा सायकलला निळा थर्मास बांधून येत. थर्मासात बर्फ आणि बर्फात लशीची बाटली. कोंबडीच्या डोळ्यात एक थेंब टाकायचा, तिने पापणी मिटेपर्यंत धरून ठेवायचं, सोडून द्यायचं. हा थेंब मानमोडीचा, आणि त्याचा असर चारच महिने टिके. मानमोडी म्हणजे कोंबड्यांची मरी. ती आली की कोंबडीची मान पिळल्यासारखी फिरते आणि आठवड्यात खुराडी रिकामी होतात. तिला दुसरा उपाय नाही, आणि आल्यावर तर कसलाच नाही. एक बाटली चारशे कोंबड्यांची. फोडली की त्याच दिवशी संपवावी लागते. म्हणून गावाने आधी यादी द्यायची, निदान तीनशे कोंबड्यांची नावं झाली तरच शहरातल्या कोठीतून बाटली मिळायची.

भुकटी गावात पसरली तसतशी यादी आखूड होत गेली. कोणी ठरवून केलं नाही. कोंबड्या इतक्या झकास दिसत की त्यांना पकडून डोळ्यात काहीतरी घालायचं बायकांच्या जिवावर येई. मेमध्ये यादी दोनशे चाळीसवर आली तेव्हा किडांकांनी कोठीतल्या माणसाची मनधरणी करून बाटली आणली होती. ते म्हणाले, यादी अशीच राहिली तर सप्टेंबरला मला जमणार नाही.

सप्टेंबर म्हणजे गरम वाऱ्याचे दिवस, आणि मानमोडी नेहमी त्याच वाऱ्याबरोबर येते. ऑगस्टच्या सुरुवातीला फेलिस्ताने शाळेच्या वहीचं एक पान घेतलं, वर आपल्या सत्तावन्न कोंबड्या लिहिल्या आणि ती घरोघर निघाली. नवरा जाऊन खूप वर्षं झाली होती, मुलगी यूनिस लग्न होऊन डोडोमाला. घरात तिची वाट बघणारं कोणी नव्हतं, त्यामुळे ती कुठेही घाई न करता बसली, पाणी प्यायली, बोलली. सगळीकडे तिला उत्तम जागा मिळाली. एका घरी मक्याच्या पिठाची घट्ट उगाली आणि म्लेंडाची पातळ पालेभाजी झाल्याशिवाय उठू दिलं नाही. पण थेंबांचं नाव काढलं की बायका हसत आणि म्हणत, तुझा पाला घालतो ना आम्ही.

शेवटी ती रुकियाकडे गेली. दोघी एकाच वर्षी नवऱ्या होऊन इगांडूत आल्या होत्या, आणि बाकी गाव यूनिसची आई म्हणत असताना नावाने हाक मारणारी ही एकटीच. रुकियाचा नवरा दोन वर्षांपूर्वी वारला. गुरं पुरुषांची, कोंबड्या बायकांच्या असा तिथला हिशेब असल्यामुळे गुरं दीर घेऊन गेले आणि चाळीस कोंबड्या तिच्याकडे राहिल्या. त्यांच्यावर दोन नातवंडं आणि ती जगत होती. त्या कोंबड्या सोडून दुसरं असं काही तिच्याकडे नव्हतं की ज्याला कोणी हात लावू शकणार नाही. फेलिस्ताच्या मनात यादीतलं सर्वांत महत्त्वाचं नाव हेच होतं.

"थेंब कशाला गं?" रुकिया धान्य पाखडता पाखडता म्हणाली. "तुझा पाला आहे की."

"पाल्याने मानमोडी थांबत नाही, रुकिया. पाला पोटासाठी, अंड्यासाठी. त्या रोगाला तो काही करत नाही."

"हो, हो. नुसता पाला आहे, काही करत नाही." रुकियाने तिचा आवाज असा हुबेहूब काढला की ओसरीवरची नातवंडं खिदळली. "अकरा वर्षं ऐकतेय. आजीने चांगलं पढवलंय तुला."

"मी आत्ता औषध देत नाहीये. हे बघ माझे हात. रिकामे आहेत. मी तुझ्याशी नुसती बोलतेय."

रुकियाने सूप खाली ठेवून तिच्या हातांकडे खरंच पाहिलं. क्षणभर तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं, आणि फेलिस्ताला वाटलं, पोचलं. मग रुकियाने मान हलवली.

"हातात औषध नसतानासुद्धा तू त्याचा मान राखतेस," ती हळू आवाजात म्हणाली. "म्हणूनच ते लागू पडतं, बाई. नाहीतर हल्लीची औषधवाली माणसं."

घरी येताना फेलिस्ताने वाटेत थांबून पान पाहिलं. एकशे अठरा. तिच्या स्वतःच्या धरून.

तिने मग दुसरा मार्ग काढला. भुकटीच द्यायची नाही. पोतं आतल्या खोलीत ठेवून तिने दाराला कुलूप घातलं आणि आलेल्या बायकांना सांगितलं की यंदा नाही. तिला वाटलं होतं, पाला नसला की थेंबांची आठवण होईल. तिसऱ्या दिवशी पाच बायका दारात उभ्या राहिल्या. एकीने मध आणला होता, एकीने अंगावर गुंडाळायचा नवा कापडी खांगा. आमचं काय चुकलं ते सांग, असं त्या म्हणू लागल्या. सगळ्यांत वयस्कर बाई तर तिच्या पायाशी वाकली, पाया पडते म्हणाली. ती तिच्या आईच्या वयाची. फेलिस्ताने तिला उठवलं, कुलूप काढलं, आणि पाचही जणींना भुकटी दिली. देताना तोंडातून शब्द बाहेर पडलेच. ते म्हटल्याशिवाय मूठ उघडेना.

त्या रविवारी गावाचे प्रमुख मसेंगी यांच्या घरासमोरच्या कडुनिंबाखाली सभा होती. विषय बोअरवेलचा होता, पण फेलिस्ताने उभं राहायची परवानगी मागितली. ती सभेत कधी बोलत नसे, म्हणून सगळे गप्प झाले. तिने सगळं नीट मांडलं: मानमोडी काय आहे, थेंब काय करतो, किती नावं हवीत. शेवटी ती म्हणाली की मी दिलेल्या भुकटीवर विसंबू नका, ती या रोगापुढे काहीच नाही.

बायकांमध्ये खसखस पिकली, पण ती मायेची. मसेंगी उभे राहिले. त्यांचं बोलणं नेहमीच मोठ्या आवाजात चाले.

"ऐकलंत का? अकरा वर्षं ही बाई आपल्या कोंबड्या जगवतेय आणि अजून हिला त्याचा ताठा नाही. आपल्या पोरींनी शिकावं असं वागणं आहे हे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. फेलिस्ता उभीच होती. तोंडात येणारं प्रत्येक वाक्य तेच होतं, आणि ते वाक्य त्यांनी लहानपणापासून दुसऱ्याच अर्थाने ऐकलेलं होतं. ती खाली बसली, आणि सभा पुन्हा बोअरवेलकडे वळली.

किडांका ठरल्याप्रमाणे यादी घ्यायला आले. तिने दिलेलं पान त्यांनी डोळ्यांपासून लांब धरून वाचलं आणि परत तिच्या हातात ठेवलं.

"एवढ्यावर कोठीवाला बाटली देत नाही, पोरी. यंदा बाटल्याच कमी आल्यात. पलीकडच्या दोन गावांची यादी भरलीय, त्यांना आधी."

"मग त्यांच्या बाटलीत उरेल त्यातून माझ्या आणि रुकियाच्या तेवढ्या?"

"दोघांची मिळून यादी पुरी चारशेची झालीय. एक थेंब उरणार नाही." म्हातारबुवांनी सायकलचा स्टँड काढला, पण निघाले नाहीत. "तुझी भुकटी वाईट असती तर बरं झालं असतं. लोकांनी माझी वाट पाहिली असती."

ते रागाने म्हणाले नव्हते. तिने त्यांना पाणी दिलं, दहा अंडी फडक्यात बांधून दिली. ती नको नको म्हणत त्यांनी घेतली, आणि वळणापर्यंत दोनदा मागे पाहिलं.

त्यानंतर करण्यासारखं काही राहिलं नाही. फेलिस्ता रोज सकाळी पेंडीत भुकटी कालवी, कोंबड्यांचं पाण्याचं भांडं घासून त्यात कोरफड टाकी, खुराड्यातली राख बदली. हात कामात असले की बरं वाटे एवढंच. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वारा सुटला. पत्रे वाजू लागले, लाल धूळ भांड्यांत बसू लागली. कोंबड्या विकत घेणारे व्यापारी मोठमोठे पिंजरे बसच्या टपावर चढवून दार-एस-सलामला नेत, आणि परतीचे रिकामे, घाणीने माखलेले पिंजरे रस्त्याच्या कडेला उतरवून ठेवत. फेलिस्ताचं घर त्या रस्त्यावरचं पहिलं.

तिला अंड्यांवरून कळलं. एका सकाळी खुराड्यात तीन अंडी कवचाशिवाय पडलेली, नुसत्या पातळ पडद्यातली, बोट लावलं तर थरथरणारी. अकरा वर्षांत तिच्याकडे असं एक अंडं निघालं नव्हतं. ती बराच वेळ तिथे उकिडवी बसून राहिली. दुसऱ्या दिवशी चार कोंबड्या पिसं फुलवून कोपऱ्यात उभ्या होत्या, विष्ठा हिरवट झाली होती. तिसऱ्या दिवशी तिची सगळ्यांत जुनी तांबडी, जिला ती लाडाने म्हातारी म्हणे, मान वर आकाशाकडे पिळून, चोच उघडी टाकून गोल गोल फिरत होती. फेलिस्ताने तिला मांडीवर घेतलं आणि मान हाताने सरळ धरली. हात सोडला की ती पुन्हा फिरे.

आजारी कोंबड्या लोक कापून खातात किंवा घाईने बाजारात नेतात. तिने तसं केलं नाही. अंगणाच्या कडेला खड्डा खणला आणि एकेक पुरली. शेजाऱ्यांना कळावं म्हणून खड्डा मुद्दाम रस्त्यावरून दिसेल असा खणला. आठ दिवसांत सत्तावन्नातल्या तीन उरल्या.

त्या दुःखातही तिला एक आशा होती, आणि तिची तिला लाज वाटे. आता तरी लोकांच्या लक्षात येईल, असं तिला वाटत होतं. ज्या घरात भुकटी तयार होते त्याच घरातल्या कोंबड्या मेल्या, यापेक्षा मोठा पुरावा काय. कोणी निरोगी कोंबड्या आत कोंडतील, कोणी लांब नातेवाइकांकडे नेतील, निदान काहीतरी करतील. तिने दारात येणाऱ्या प्रत्येकाला खड्डा दाखवला, आणि कोंबड्या कोंडून घ्या, माझ्या अंगणातली धूळसुद्धा पायाला लावून नेऊ नका, असं सांगितलं.

लोक हळहळले. पण कोणी चकित झालं नाही. औषध देणाऱ्याच्या स्वतःच्या घरात औषध लागू पडत नाही, हे इगांडूत सगळ्यांनाच माहीत होतं. तिची आजीसुद्धा स्वतःच्या तापाने गेली होती. बायका एकमेकींना सांगू लागल्या, बिचारीने सगळं आपल्याला दिलं, तिच्यासाठी काही उरलं नाही. आणि त्या दुप्पट भुकटी घालू लागल्या.

दहाव्या दिवशी रुकिया आली. ऊन उतरलं होतं, वारा मात्र पडला नव्हता. तिने खांग्याने डोकं आणि अर्धा चेहरा झाकला होता. रिकाम्या खुराड्यासमोर ती क्षणभर थांबली, फेलिस्ताच्या खांद्याला हात लावला, आणि मग दोघी भिंतीलगत, पाल्याच्या चटईशेजारी बसल्या. काही वेळ रुकियाने धाकट्या नातवाच्या खोकल्याचं सांगितलं. मग म्हणाली की काल दोन अंडी कवचाशिवाय निघाली.

"आज सकाळी सहा जणी खातच नाहीत," रुकिया म्हणाली. "ती पांढऱ्या शेपटीची आहे ना, ती मान अशी करते." तिने आपली मान थोडी वळवून दाखवली आणि लगेच सरळ केली. "मला पाला दे. नेहमीचा नको, जास्त दे. तुझ्याकडे कडक काही असेल तर ते दे."

"कडक काही नाही माझ्याकडे."

"मग आहे तो दे."

फेलिस्ताला खूप बोलायचं होतं. वहीचं पान अजून कपाटात होतं, ते आणून दाखवावं असंही मनात आलं, पण ते दाखवून आता काय होणार होतं. ती उठली, आतून पोतं आणलं, आणि रुकियाने दोन्ही हातांनी धरलेल्या खांग्याच्या टोकात भुकटी ओतू लागली. एक मूठ, दोन, पाच. ताज्या पाल्यासारखा हिरवा वास पसरला. पोतं तळाला लागलं तरी ती ओतत राहिली. मग थांबली. पण तोंडातून काही बाहेर आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिची मूठ शब्दांशिवाय उघडली होती.

रुकिया उठली नाही. खांगा तसाच धरून ती वर बघत राहिली.

"म्हण की," ती म्हणाली.

"रुकिया..."

"असं नको करू. तू म्हटलं नाहीस तर तो लागायचा कसा?" "चाळीस आहेत, फेलिस्ता. माझ्याकडे दुसरं काही नाही. म्हण."

फेलिस्ताने तिच्या हातांवर आपला हात ठेवला. हात हिरवा झाला होता, नखांपर्यंत.

"नुसता पाला आहे," ती म्हणाली. आवाज फुटू नये म्हणून तिने प्रत्येक शब्द वेगळा काढला. "काही करत नाही. काहीही करत नाही, रुकिया."

रुकियाने सुटकेचा श्वास सोडला. खांग्याच्या टोकाला घट्ट गाठ मारली, एक शब्द न बोलता पाठ फिरवली आणि रीतीप्रमाणे मागे न बघता घराकडे चालू लागली. चालताना ती गाठ तिने छातीशी धरली होती, वाऱ्याने भुकटी उडू नये म्हणून. ती वळणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत फेलिस्ता तिथेच उभी होती. मग ती चटईपाशी बसली आणि उरलेला पाला हाताने हलवू लागली.